‘कॅन्सरवर लस आली म्हणे!’ कोणत्या कॅन्सरवर, आणि किती जणांना दिली?

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये, अनंत चतुर्दशीच्या सुमारास, व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरला. रशियाने कॅन्सरवर लस शोधली, चाचण्यांत १०० टक्के यश, आता कॅन्सरची भीती संपली! ज्यांच्या घरी कोणी आजारी नव्हतं त्यांनी हात जोडल्याचं चित्र लावून तो पुढे ढकलला. ज्यांच्या घरी पेशंट होता त्यांनी मात्र तो पुन्हा पुन्हा वाचला असणार, आणि रशियाला जायला किती खर्च येतो तेही शोधलं असणार. त्यांना हसण्यात अर्थ नाही.

मूळ बातमी काय होती? व्लादिवोस्तोकमधल्या एका आर्थिक परिषदेत रशियाच्या सरकारी वैद्यकीय संस्थेच्या प्रमुखांनी सांगितलं की लसीच्या प्रयोगशाळेतल्या आणि प्राण्यांवरच्या चाचण्या झाल्या आहेत आणि आता सरकारी परवानगीची वाट आहे. माणसांवरच्या मोठ्या चाचणीचे आकडे त्यात नव्हते. ‘१०० टक्के’ हे पुढे ढकलता ढकलता चिकटलं.

जून २०२२ मध्येही अशीच लाट आली होती. तेव्हा औषधाचं नाव होतं डोस्टारलिमॅब. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात गुदाशयाच्या कॅन्सरच्या १२ पेशंटना दर तीन आठवड्यांनी, सहा महिने ते दिलं आणि बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली. ना ऑपरेशन, ना रेडिएशन. गुदाशयाच्या ऑपरेशननंतर कित्येकांना पोटावर कायमची पिशवी लावावी लागते, ती टळली. ही बातमी खरी होती. २०२५ मध्ये त्याच गटाने पुढचे आकडे दिले, तेव्हा गुदाशयाच्या ४९ पैकी ४९ जणांची गाठ गेलेली होती. मग ‘कॅन्सरचं औषध सापडलं’ म्हणणाऱ्यांचं चुकलं कुठे? ते बारा जण कोण होते, हे कोणी सांगितलंच नाही. ते कळायला आधी इम्युनोथेरपी, म्हणजे डोस्टारलिमॅबसारखी औषधं, काय करते हे पाहावं लागेल.

आपल्या रक्तात टी पेशी असतात. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे मांडलेले असतात. टी पेशी ते चाचपत फिरतात आणि एखादा तुकडा परका वाटला की ती पेशी मारतात. विषाणू शिरलेल्या पेशी अशाच मरतात, आणि बिघडलेल्या कित्येक पेशीसुद्धा. पण टी पेशी फार चेकाळल्या तर आपल्याच अवयवांवर उठतील, म्हणून निसर्गाने त्यांना गाडीसारखे ब्रेक दिले आहेत. कॅन्सरची लबाडी अशी की तो नेमका हा ब्रेक दाबून धरतो. टी पेशी गाठीपर्यंत पोचलेल्या असतात आणि तिथेच थिजून बसतात.

अमेरिकेतल्या जेम्स ॲलिसन यांनी यातला सीटीएलए-४ नावाचा ब्रेक ओळखला आणि तो सोडवायचं औषध सुचवलं. जपानच्या तासुकु होन्जो यांनी पीडी-१ हा दुसरा ब्रेक शोधला. २०१८ चं वैद्यकातलं नोबेल दोघांना मिळून मिळालं. या घराण्यातलं पहिलं औषध, इपिलिमुमॅब, अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं. पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब २०१४ मध्ये आली. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर २०१५ मध्ये मेंदूपर्यंत गेलेला होता, वय नव्वदीचं. शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि पेम्ब्रोलिझुमॅब मिळून तो आटोक्यात आला आणि ते पुढे शंभरी गाठून डिसेंबर २०२४ मध्ये गेले.

इथे एक गोष्ट कानात तेल घालून ऐकावी अशी आहे. या औषधांमुळे ‘इम्युनिटी वाढत’ नाही. असलेली ताकद अडकलेली असते, ती मोकळी होते. त्यामुळे इम्युनोथेरपी महाग म्हणून तिच्याऐवजी काढे, किंवा तिच्या जोडीला म्हणून काढे, हा हिशेब मुळातच बसत नाही. उलट जोडीला घेतलेल्या पुड्यांनी यकृत सुजलं तर ते औषधाने की पुडीने, हे डॉक्टरला उमगत नाही आणि उपचार थांबवावे लागतात. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा जणांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद बाजूला ठेवू. पण काय काय घेता ते डॉक्टरांपासून लपवू नका, एवढं तर दोन्ही बाजूंना मान्य व्हावं.

आता त्या बारा जणांकडे येऊ. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, तिच्यात चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारी एक यंत्रणा असते. या बाराही जणांच्या गाठीत ती यंत्रणाच मोडलेली होती. त्यामुळे चुकांचा ढीग, चुकीची प्रथिनं भरपूर, आणि टी पेशींना परकं वाटावं असं हजार ठिकाणी. ब्रेक सुटायचा अवकाश, त्या तुटून पडल्या. पण गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी शंभरात पाच ते दहाच असतात. बाकीच्या नव्वद-पंचाण्णव जणांना याच औषधाकडून तसली अपेक्षा ठेवता येत नाही.

म्हणून कोणी ‘इम्युनोथेरपी घेऊ का’ असं विचारलं तर माझा उलटा प्रश्न असतो, की गाठीची कोणकोणती तपासणी झाली? दुरुस्ती यंत्रणा शाबूत आहे का हे पाहण्याच्या तपासणीला एमएमआर म्हणतात. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये पीडी-एल१ चं, म्हणजे पीडी-१ हा ब्रेक दाबणाऱ्या प्रथिनाचं, प्रमाण बघतात. बायोप्सीचा मेणातला जो ठोकळा लॅबमध्ये ठेवलेला असतो त्यावरूनच या तपासण्या बहुधा होतात, नव्याने सुई टोचावी लागत नाही. फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये, ज्यांच्या गाठीत पीडी-एल१ भरपूर होतं अशा पेशंटना सुरुवातीलाच पेम्ब्रोलिझुमॅब दिलं तेव्हा पाच वर्षांनी सुमारे ३२ टक्के हयात होते. केमोने सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण १६ टक्के होतं. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्याच आकड्याचा दुसरा अर्थ असा की निवडून घेतलेल्या पेशंटमध्येसुद्धा दोन तृतीयांश वाचले नाहीत.

आशेची ही लाट पहिली नव्हे. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली १८९१ पासून पेशंटना जंतूंची इंजेक्शनं देत होते, कारण त्वचेचा जोरदार जंतुसंसर्ग झाल्यावर एकाची गाठ विरघळल्याची नोंद त्यांच्या वाचनात आली होती. काही बरे झाले, काही संसर्गानेच गेले, आणि कोण बरं होणार हे आधी सांगता येईना. १९८० मध्ये इंटरफेरॉन अमेरिकी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलं, पाच वर्षांनी इंटरल्यूकिन-२. दोन्ही औषधं पुढे टिकली, पण मोजक्या आजारांत आणि थोड्याच पेशंटसाठी. गंमत म्हणजे या सगळ्या गाजावाजात जे निमूटपणे कामाला लागलं ते आपल्या ओळखीचं आहे. बाळाच्या दंडावर टोचतात ती बीसीजी. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरत्या कॅन्सरमध्ये ती नळीने मूत्राशयात सोडतात. १९७६ पासून तिचे अहवाल आहेत, १९९० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि आजही ती पहिल्या पसंतीच्या उपचारांत आहे.

सगळ्यात जास्त कुतूहल असतं ते कार-टी थेरपीचं. हिच्यात औषध बाटलीतून येत नाही, पेशंटच्याच रक्तातून बनतं. यंत्राने रक्त फिरवून टी पेशी वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत एका निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात नवा जीन घालतात, म्हणजे त्यांच्या पृष्ठभागावर सीडी१९ नावाची खूण ओळखणारा एक भाग उगवतो. मग त्या कोट्यवधींनी वाढवतात. तोवर पेशंट वाट बघतो, आणि आजार काही थांबत नाही. पेशी तयार झाल्या की थोडी केमो देऊन शरीरात जागा करतात आणि त्या परत चढवतात. चढवण्याचं काम रक्ताच्या पिशवीसारखं, थोड्या वेळात होतं. खरी परीक्षा पुढच्या दिवसांत असते.

एमिली व्हाइटहेड सहा वर्षांची होती. रक्ताचा कॅन्सर दोनदा उलटलेला. एप्रिल २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात तिला या पेशी दिल्या आणि काही दिवसांत ती व्हेंटिलेटरवर गेली. प्रचंड ताप, रक्तदाब कोसळलेला. टी पेशी काम करत होत्या म्हणूनच हे चाललं होतं. त्या पेटल्या की साइटोकाइन नावाची रसायनं रक्तात ओतली जातात. तपासणीत त्यातलं इंटरल्यूकिन-६ अफाट वाढलेलं दिसलं. संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला संधिवात होता, त्यामुळे इंटरल्यूकिन-६ रोखणारं टोसिलिझुमॅब हे संधिवाताचं औषध त्यांना माहीत होतं. ते दिलं आणि एमिली सावरली. कॅन्सरही गेला, तो परतला नाही. त्या दिवशी ते औषध कुणाला सुचलं नसतं तर कदाचित या थेरपीची चाचणीच गुंडाळली गेली असती, असं मला नेहमी वाटतं. आज कार-टी देणाऱ्या प्रत्येक ठिकाणी टोसिलिझुमॅब हाताशी ठेवूनच पिशवी लावतात. २०१७ मध्ये ही थेरपी अमेरिकेत मंजूर झाली. किंमत चार लाख पंच्याहत्तर हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने तीन कोटींच्या घरात.

आपल्याकडची गोष्ट खारघरची आहे. टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या केंद्रात जून २०२१ मध्ये देशातली पहिली कार-टी दिली गेली. त्या पेशी आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने घडवलेल्या होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार१९’ला केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत तिचं लोकार्पण केलं. खर्च सुमारे तीस ते चाळीस लाख. अमेरिकेच्या मानाने हा आकडा एक अष्टमांश वगैरे भरेल, पण ज्या घरात सोयाबीनच्या भावावर वर्षाचा ताळेबंद ठरतो तिथे ‘स्वस्त’ हा शब्द जपून वापरावा.

चाचणीचे निकाल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्यावर इतर उपचार संपले होते अशांपैकी ७३ टक्के जणांत परिणाम दिसला. परिणाम दिसणं म्हणजे कायमचं बरं होणं नव्हे, काहींचा आजार महिन्यांनी परतला. उपचारामुळे झालेले दोन मृत्यूही त्याच अहवालात नोंदलेले आहेत. मला तो अहवाल विश्वासाचा वाटतो, त्यात या नोंदीचाही वाटा आहे.

आणि सीडी१९ ओळखणारी ही थेरपी रक्ताच्या काही कॅन्सरवरच चालते, बी पेशींच्या (म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या) ल्युकेमिया आणि लिम्फोमावर. स्तन, तोंड, आतडं यांच्या गाठीवर का नाही? सीडी१९ ही खूण फक्त बी पेशींवर असते. कार-टी कॅन्सरच्या बी पेशी मारते तशा निरोगीही मारते, पण बी पेशींशिवाय माणूस जगू शकतो. संसर्ग वारंवार होतात, अँटिबॉडीची इंजेक्शनं घ्यावी लागतात, तरी जगतो. फुप्फुसाशिवाय जगता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत आतड्याचा कॅन्सर पसरलेल्या एका स्त्रीला एचईआर-२ ही खूण ओळखणाऱ्या एक हजार कोटी टी पेशी दिल्या गेल्या. पंधरा मिनिटांत तिला श्वास घेणं जड झालं, पाचव्या दिवशी ती गेली. फुप्फुसाच्या निरोगी पेशींवरही एचईआर-२ अगदी किंचित असतं, टी पेशींना तेवढं पुरलं. २०१० मध्ये हा अहवाल छापून आला.

दुसऱ्या एका चाचणीत मेज-ए३ हे कॅन्सरमधलं प्रथिन ओळखणाऱ्या टी पेशी दिल्या आणि दोन पेशंट हृदय बंद पडून दगावले. हृदयात मेज-ए३ नव्हतंच. शोध घेतल्यावर कळलं की हृदयाच्या स्नायूतल्या टायटिन या प्रथिनाचा एक तुकडा जवळजवळ तसाच दिसतो. आधीच्या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांत हे निसटलं होतं. बशीत धडधडणाऱ्या हृदयपेशी वाढवून पाहिलं तेव्हाच टी पेशींनी त्यांच्यावर हल्ला केला. प्राण्यांवर सुरक्षित, प्रयोगशाळेत सुरक्षित, या शब्दांवर किती विसंबायचं ते या दोन गोष्टींनी शास्त्रज्ञांना शिकवलं. रशियाच्या लसीची बातमी वाचताना माझ्या डोक्यात याच येतात. मंजूर झालेल्या कार-टीवरही नजर ठेवावी लागतेच. २०२३ अखेर अमेरिकेत २७ हजारांहून जास्त डोस दिले गेले होते आणि त्यानंतर टी पेशींचाच नवा कॅन्सर झाल्याच्या २२ नोंदी आल्या होत्या. प्रमाण फार कमी आहे, उपचार नाकारावा असं तर मुळीच नाही, पण जानेवारी २०२४ पासून तिथल्या नियामकाने वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला.

तोंडाचा कॅन्सर हा आपल्याकडचा तंबाखू-गुटख्याचा शाप. त्यात परळच्या टाटा रुग्णालयाने केलेलं एक काम मला कार-टीइतकंच मोलाचं वाटतं. निवोलुमॅबचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. तेवढं परवडणारे बोटांवर मोजण्याइतके. डॉक्टरांनी प्रश्न केला, की ब्रेक सोडायला खरोखर इतकं औषध लागतं का? डोकं-मान भागातल्या, बरा होण्यापलीकडे गेलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. दोघांनाही स्वस्त गोळ्यांचं उपचारमिश्रण, आणि एका गटाला वरून दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. वर्षभराने गोळ्यांच्या गटात १६ टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटात ४३ टक्के. मात्र हा निकाल या आजारापुरता आणि या मिश्रणापुरता आहे. तो दाखवून कोणी भलत्याच कॅन्सरला थोडंसं औषध देऊ लागलं तर त्यामागे पुरावा काय, हे विचारायलाच हवं.

लसींचं काय? प्रत्येक पेशंटच्या गाठीतल्या चुका वाचून फक्त त्याच्यासाठी बनवलेल्या एमआरएनए लसींवर गंभीर काम चालू आहे. मेलानोमाच्या १५७ पेशंटच्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबच्या जोडीला अशी लस दिल्यावर आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये १६ जणांना दुसरी एक लस दिली, आठ जणांत टी पेशी जाग्या झाल्या. मी यांच्याबद्दल आशावादी आहे. तरी २०१८ विसरता येत नाही. एपॅकॅडोस्टॅट नावाची गोळी लहान चाचण्यांत इतकी चमकली होती की कंपन्यांनी धडाधड मोठ्या चाचण्या आखल्या. ७०० वर पेशंटच्या तिसऱ्या टप्प्यात तिने काडीचाही फरक पाडला नाही आणि बाकीच्या चाचण्या एकापाठोपाठ एक रद्द झाल्या. पहिला टप्पा डोस आणि सुरक्षितता पाहतो. दुसऱ्यात काही परिणाम दिसतो का ते बघतात, आणि चालू उपचारापेक्षा हा बरा का, हे तिसऱ्यात ठरतं. पहिल्या टप्प्यात नाव घालणारा माणूस पुढच्यांसाठी फार मोठं काम करतो, पण ‘मी बरा होईन’ एवढ्याच भरवशावर त्याने सही करू नये.

राल्फ स्टाइनमन यांची गोष्ट सांगायलाच हवी. टी पेशींना ‘हा परका’ असं दाखवून देणाऱ्या डेंड्रिटिक पेशी त्यांनी १९७३ मध्ये शोधल्या. २००७ मध्ये त्यांनाच स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतःच्या डेंड्रिटिक पेशींपासून केलेल्या लसी स्वतःवर घेतल्या, इतर प्रायोगिक उपचारही घेतले, केमोही घेतली, आणि साडेचार वर्षं जगले. त्या आजारात इतकी वर्षं फार कमी जण जगतात. ३० सप्टेंबर २०११ ला ते गेले आणि तीन दिवसांनी त्यांना नोबेल जाहीर झालं. ते गेल्याचं समितीला माहीतच नव्हतं. लसीने आयुष्य वाढलं का? एका माणसावरून हे सांगता येत नाही, मग तो त्या पेशींचा शोध लावणारा का असेना.

आणि त्याच डेंड्रिटिक पेशींच्या नावावर दुकानं चालतात. ‘तुमच्याच रक्तातून लस, साइड इफेक्ट नाही, चौथ्या स्टेजलाही गुण’ अशा जाहिराती दिसतात, लाखांची पॅकेजं असतात आणि लोक जमीन विकून, दागिने मोडून पैसे भरतात. समोरच्याला एकच विचारा, ही मंजूर थेरपी आहे की प्रयोग? मंजूर असेल तर तुमच्या कॅन्सरसाठी मंजूर झाल्याचा कागद दाखवता आला पाहिजे. प्रयोग असेल तर भारतात चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद लागते, २००९ च्या जूनपासून ती सक्तीची आहे. तो क्रमांक मागा, संकेतस्थळावर टाका, तुमचा आजार आणि ते रुग्णालय त्यात आहे का ते बघा. संमतीपत्र मराठीत मागा. त्यावर नीतिसमितीचा संपर्क असतो, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाचा खर्च पेशंटच्या माथी मारायचा नसतो. तेव्हा ‘प्रयोग आहे’ म्हणून सांगायचं आणि त्याचेच बारा लाख मागायचे, असं झालं की चप्पल घालून निघावं.

मंजूर औषध चालू असेल तर घरच्यांनी वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष द्यायचं. केमोचे त्रास ओळखीचे असतात, हे नसतात. ब्रेक सुटलेल्या टी पेशी आतड्यावर उठल्या तर जुलाब, फुप्फुसावर उठल्या तर कोरडा खोकला आणि दम, थायरॉइड मंदावली तर नुसता थकवा. औषध बंद केल्यावर काही महिन्यांनीही हे होऊ शकतं. बहुतेकदा स्टेरॉइड वेळेवर दिलं तर आटोक्यात येतं. घोळ होतो तो असा, की पेशंट मुंबईहून गावी परतलेला असतो, जुलाब लागतात, जवळचा डॉक्टर जंतुसंसर्ग समजून सलाइन आणि अँटिबायोटिक देतो आणि चार दिवस जातात. त्याची चूक म्हणता येणार नाही, त्याला कोणी सांगितलेलं नसतं. औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख आणि कॅन्सरच्या डॉक्टरांचा फोन नंबर एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा, आणि कुठल्याही दवाखान्यात गेलात की केसपेपर काढण्याआधी तो टेबलावर ठेवा.